सगळ्या काकू पास

मंडळातल्या रजनीच्या बेहाला भागातल्या फ्लॅटवर त्या दिवशी मी सोडून सगळ्या बायका पास झाल्या. मी नापास झाले, आणि तेही दार उघडं ठेवून, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यावरून आमच्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलोत. मी कलकत्त्यात जन्मलेली मराठी बाई आहे. मासा ताजा की शिळा यावरून कोळणीशी बंगालीत भांडत मोठी झाले. दोघी-तिघींच्या अबोल्याने माझं काही अडत नाही.

झालं होतं असं. रजनीची मुलगी वैदेही इथेच वाढली. तिचं मराठी घरापुरतं, तेही अधूनमधून बंगालीवर घसरणारं, पण पोर गुणी. सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत तिला नवी नोकरी लागली. काम काय, तर वेबसाइट वापरताना लोक कसे वागतात ते बघायचं. कुठे थांबतात, कुठे गोंधळतात, कुठे वैतागून निघून जातात. मला आधी हसूच आलं. म्हटलं, अगं, लोक कसे वागतात ते बघायला आमच्या वेळी बायका गॅलरीत उभ्या राहायच्या, त्यांना कोणी पगार देत नसे.

"काकू, तेच काम," ती म्हणाली. "मी फक्त बघून झाल्यावर ते दुरुस्त करायला सांगते."

हे मला आवडलं. बघून झाल्यावर गॅलरीतल्या बायका दुसरंच काहीतरी करायच्या.

तर आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिच्या कंपनीकडून नवी साइट करून घेतली होती. डॉक्टरांची वेळ आता घरबसल्या साइटवर घ्यायची. त्यांनी एकच अट घातली होती, म्हाताऱ्या माणसांनाही साइट वापरता येते हे दाखवा. ते दिसलं, की फोनवर वेळ देणारी लाइन बंद. वैदेहीला साठीपुढची माणसं हवी होती, घाईने हवी होती, आणि आमचं मंडळ म्हणजे साठीपुढच्या बायकांचं आगरच. तिने आईला विचारलं, आईने मंडळाला, आणि महिन्याची बैठक रजनीकडे ठरली.

आता त्या फोनच्या लाइनचं मला एवढं काय, ते सांगते. नाहीतर म्हातारी उगाच कावली असं वाटायचं.

माझे यजमान श्यामराव फोर्ट विल्यममध्ये सैन्याच्या कचेरीत मुलकी अधिकारी होते. बदलीवर नागपूरहून आले, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण इथे 'हे' लिहिलं तर कोण ते कळायचं नाही, म्हणून श्यामराव. त्यांना कंपवात आहे. उजवा हात सारखा हलतो, डावाही आताशा त्याच्या नादी लागलाय. शर्टाची बटणं मी लावते. चहा अर्धा कपच ओतते, म्हणजे सांडत नाही. भाजी बारीक चिरून वाढते. माणूस कुरकुर करत नाही, पण एकेक गोष्ट हातातून सुटताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मी बघते.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. त्या हॉस्पिटलमधल्या आपल्या डॉक्टरची वेळ ते स्वतः घेत. आमच्याकडे जुना टेबलावरचा फोन आहे, मोठ्या बटणांचा. मनगट टेबलावर टेकवून ते एकेक आकडा दाबतात. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पलीकडे नूपुर नावाची मुलगी असते. आवाज ऐकला की ओळखते, मेशोमोशाई म्हणजे काका म्हणते, दोन गोष्टी बोलते, वेळ देते. मग फोन ठेवून श्यामराव मला सांगतात, "गुरुवारी अकराला जायचंय आपल्याला." त्या दिवशी ते जरा ताठ बसतात. तेवढ्यापुरता त्यांचा आजार त्यांच्या ताब्यात असतो.

ती लाइन बंद होणार होती. वेळ मीही घेऊन दिली असती, मला काय कठीण आहे? पण त्यांना ती स्वतः घ्यायची असते. हे ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही. म्हणजे घालते, पण त्याचा उपयोग होत नाही.

बैठकीच्या दिवशी रजनीने पोहे केले होते, कोणीतरी संदेशची मिठाई आणली होती. वैदेहीने आतल्या खोलीत लॅपटॉप आणि माउस मांडला. पडद्यावर कोण कुठे जातं ते सगळं आपोआप रेकॉर्ड होणार होतं. सुरुवातीला बाहेर येऊन तिने सगळ्यांना नीट समजावलं.

"काकू, ही तुमची परीक्षा नाही. साइटची आहे. तुम्ही अडलात तर मला चांगलंच, कारण कुठे अडतं तेच मला बघायचंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विश्वास कोणीही ठेवला नाही. आपल्या माणसांचं असं आहे, की शेजारी पेन घेऊन कोणी बसलं आणि आपल्याला काही करायला सांगितलं, तर ती परीक्षाच. आपली नसेल तर मग कोणाची? पोरीची! नवी नोकरी, वर साहेब बघणार. परक्या गावात एवढीशी आपली माणसं, त्यात ही आपली लेक. तिला कमीपणा येऊ द्यायचा नाही, हे कोणी कोणाला न सांगताच ठरून गेलं.

पहिली गेली सरोज. सरोज म्हणजे आमच्या मंडळाची अध्यक्ष. नवरा बँकेतून निवृत्त, पण अधिकार हिच्याकडे राहिला. ती आत गेली ती कितीतरी वेळ बाहेर येईना. आली तेव्हा पदराने कपाळ पुसत होती. दार लोटून घेतलं, मधोमध बसली आणि हळू आवाजात तिने शिकवणी सुरू केली.

"नीट ऐका. उघडल्यावर मोठं निळं बटण दिसेल. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ते तपासण्यांच्या जाहिरातीत नेऊन सोडतं. सरळ तळाला जायचं. तिथे बारीक राखाडी अक्षरात ओपीडी लिहिलंय, ते दाबायचं. डॉक्टरचं नाव आपण लिहायचं नाही, यादीतून उचलायचं. आणि शेवटी एक कोडं येतं. तुकडा सरकवून खाचेत बसवायचा. दम रोखून सरकवा, म्हणजे हात हलत नाही."

"निळं नाही, तळाला राखाडी, यादी, दम रोखून," सुधा डोळे मिटून पुटपुटली.

"सरोजताई, हे काय चाललंय?" मी विचारलं. "अडलात तर चांगलं, असं ती पोर आत्ताच सांगून गेली ना?"

"तिला तसं म्हणावंच लागतं," सरोज म्हणाली. "पाहुणा 'काही करू नका' म्हणतो, म्हणून आपण चहा टाकत नाही का?"

यावर सगळ्या हसल्या. मग एकेक जण आत जात राहिली आणि हसतमुखाने बाहेर येत राहिली. प्रत्येकीने जाताजाता "छान आहे हो साइट, अगदी सोपी," असं वैदेहीला सांगितलं. ज्या सुधाला मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर उघडता येत नाही, ती पोहे गार व्हायच्या आत वेळ घेऊन परत आली. माझं डोकं फिरत चाललं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी दार मुद्दाम उघडं ठेवलं. शिकवणीतलं सगळं डोक्यातून काढून टाकायचं ठरवलं आणि मन जिथे जाईल तिथे माउस नेला. मन गेलं निळ्या बटणावर. का जाणार नाही? एवढं हातभर बटण, त्यावर 'बुक नाऊ' लिहिलंय! दाबलं, तर रक्त तपासा, साखर तपासा, जोडीने आलात तर सवलत.

"वैदेही," मी म्हणाले, "मला डॉक्टर हवाय. हे दुकान का उघडलंय?"

ती काही बोलली नाही, लिहीत राहिली. बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. मग मीच बोलत राहिले. मागे आले, पुन्हा फसले, पुन्हा मागे आले. तळाशी ओपीडी सापडलं तेव्हा चष्मा काढून पुसावा लागला. "ज्याने हे रंगवलं त्याला आई आहे का गं? असेल तर तिला एकदा बसव इथे." बाहेर कोणीतरी 'शूऽऽ' केलं. मी आवाज वाढवला.

शेवटी ते कोडं आलं. चित्रातला एक तुकडा बाजूला पडलेला, तो ओढत नेऊन बरोबर खाचेत बसवायचा. जरा पुढेमागे झाला की लाल. वर इंग्रजीत लिहिलेलं, आपण माणूस आहात याची खात्री करून द्या. मला तिसऱ्या खेपेला जमलं, आणि तोवर दिलेली मुदत संपून साइट मला पुन्हा पहिल्या पानावर घेऊन आली.

"मी नापास," मी म्हणाले. "लिही ठळक अक्षरात."

वैदेहीचा चेहरा उजळला होता. "काकू, तुम्ही किती मदत केलीत!"

"मदत राहू दे. तुझ्या काकांचा हात कसा आहे, तुला माहीत आहे. ते हा तुकडा कसे बसवणार?"

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काकांसाठी तुम्ही करून देऊ शकता ना?"

मी माउस तिच्याकडे सरकवला. बाहेरच्या शिकवणीचंही तेव्हाच सांगणार होते, पण तेवढ्यात रजनी लेकीसाठी पोह्यांची बशी घेऊन आत आली, आणि आईच्या समोर पोरीचा हिरमोड करवेना. म्हटलं, मी एवढं बोंबलून सांगितलंय, ते पुरे आहे.

पुरे नव्हतं. काही दिवसांनी वैदेही मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे आली. तिच्या साहेबाने, अनीश सेनने, तिचं कौतुक केलं होतं. साइट पास झाली होती.

"आणि मी?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "तुमचा रिझल्ट बाजूला ठेवला, काकू. अनीशदा म्हणाले, सगळ्यांत असा एखादा वेगळा निघतोच."

"आणि फोन?"

"पुढच्या महिन्यापासून बंद."

श्यामराव खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.  मला ते सहन झालं नाही. मी मिठाईचा डबा बंद केला आणि वैदेहीला सगळं सांगून टाकलं. सरोजची शिकवणी, सुधाचं पाठांतर, दम रोखून, सगळं.

तिला आधी खरं वाटेना. मग तिने लॅपटॉप काढून त्या दिवशीची रेकॉर्डिंग लावली. पडद्यावर माउसचा बाण प्रत्येकीने कुठे कुठे नेला ते दिसत होतं. सरोजचा बाण भिरभिरत होता. निळ्यावर, जाहिरातीत, मागे, पुन्हा निळ्यावर. एकदा तर बराच वेळ एका कोपऱ्यात नुसता थांबून राहिला होता. पहिलीच म्हणून घाबरल्या असतील, असं वैदेहीने तेव्हा धरलं होतं. तिच्यानंतरच्या सगळ्यांचे बाण मात्र, माझा सोडला तर, सरळ तळाला. इकडे नाही, तिकडे नाही.

"एवढं मोठं बटण, आणि बाकी एकाही काकूचा बाण त्याच्यावर थांबला नाही," ती म्हणाली. "माणसं असं वागत नाहीत. मला दिसलं होतं हे. मला वाटलं, आपली साइटच चांगली आहे."

"त्यांनी तुझ्यासाठी केलं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नोकरीत अजून पक्की झालेली नाही, काकू. आता अनीशदांना सांगायचं, की सगळी टेस्ट फुकट गेली? आणि नुसतं सांगून कोण ऐकणार? तुमचं ऐकलं का कोणी?"

 उत्तर आलं ते गॅलरीतून.

"मला बसव," श्यामराव म्हणाले.

मी वळून बघितलं. हा माणूस पाहुण्यांसमोर चहा घेत नाही. लग्नकार्यात जेवत नाही, घरी येऊन जेवतो. आपला हात चारचौघांनी बघू नये म्हणून उन्हाळ्यातही शाल पांघरून बसतो.

"तुझ्या साहेबांसमोर बसव, आणि हॉस्पिटलचं कोणी असेल त्यांनाही बोलाव," ते वैदेहीला म्हणाले. "साठीच्या पुढचा आहे मी. चालेन ना?"

अनीशला तिने सगळं सांगितलं. आधी तो चिडला, मग घाबरला, कारण हॉस्पिटलला उद्या दुसरीकडून कळलं तर आणखी वाईट. त्याने हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाला, हेमंत दत्तांना बोलावून घेतलं. ठरल्या दिवशी मी श्यामरावांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. शाल पुढे केली, ती त्यांनी परत माझ्या हातात दिली.

सॉल्ट लेकला वैदेहीच्या कंपनीतल्या काचेच्या खोलीत गारठा होता. बोलणं इंग्रजीत आणि बंगालीत चाललं होतं, मी मराठीत सांगते. वैदेही उभी राहून म्हणाली, की मागची टेस्ट धरता येणार नाही. बायकांनी एकमेकींना शिकवलं होतं.  मग ती श्यामरावांकडे वळली. "काका, ही तुमची परीक्षा नाही, साइटची आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी परीक्षक आहे."

हेमंतबाबू हसले. चांगला माणूस वाटला. त्यांना वाटलं असेल, म्हातारबुवा गमतीदार आहेत.

श्यामरावांनी माउस धरला आणि पडद्यावर बाण थरथरायला लागला. समोरच्या भिंतीवर तो मोठा दिसत होता, त्यामुळे त्यांचा हात सगळ्या खोलीला दिसत होता. निळ्या बटणाने त्यांनाही जाहिरातीत नेलं. ते मागे आले. प्रत्येक ओळ वाचत तळाला गेले, ओपीडी सापडलं. यादीत त्यांच्या डॉक्टरचं नाव यायच्या आत बाण घसरला आणि बाळंतपणाच्या डॉक्टरबाई निवडल्या गेल्या. कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. त्यांनी ते दुरुस्त केलं. पुन्हा घसरलं. पुन्हा केलं. त्यांच्या कानशिलावर घाम दिसत होता, त्या गारठ्यात.

मग कोडं आलं.

तुकडा धरायलाच वेळ लागला. धरला आणि ओढला, तर तो खाचेला ओलांडून पुढे गेला. लाल. नवं चित्र. धरला, मध्येच सुटला. लाल. सगळे बघत होते, आणि कोणी बघत असलं की त्यांचा हात आणखी हलतो, हे मला पाठ आहे. पुन्हा लाल.  तो तुकडा मला दिसत होता, ती खाच दिसत होती. एवढंसं अंतर. मी नुसतं त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं असतं तरी काम झालं असतं. माझा हात उचलला गेला, मला कळायच्या आत.

"हात मागे घे, शकुन," ते म्हणाले.

मराठीत म्हणाले, तेव्हा वैदेहीलाच काय ते कळलं. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"नापास होऊ दे मला."

सरोजला नावं ठेवणारी मी, आणि माझा हात कुठे निघाला होता! मी तो मागे घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि मांडीवर दाबून बसले. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. त्यांनी आणखी एकदा तुकडा उचलला, सावकाश, ओठ आवळून, आणि खाचेच्या अगदी तोंडाशी नेला. हात उडाला.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, की आपण माणूस असल्याची खात्री होऊ शकली नाही, कृपया काही वेळाने प्रयत्न करा.

श्यामरावांनी ते इंग्रजीत मोठ्याने वाचलं.  मग त्यांनी खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा निघाला. घाम पुसला. सगळ्यांसमोर, काही न लपवता.

"तुमची फोनची लाइन या महिन्यापुरती चालू आहे ना?" त्यांनी हेमंतबाबूंना विचारलं, आणि टेबलावरचा फोन ओढून घेतला. मनगट टेबलावर टेकवलं. एकेक आकडा दाबला. एक चुकला, पुन्हा पहिल्यापासून. अनीश मदतीला पुढे झाला, तर वैदेहीने त्याला हाताने थांबवलं. स्पीकरवर घंटी वाजली.

"हॅलो, बोलून," म्हणजे 'बोला', असा नूपुरचा आवाज आला.

"नूपुर, मी..."

"मेशोमोशाई! या वेळी उशीर केलात? केमोन आछेन, कसे आहात? हात कसा आहे?"

"हात आहे तसाच आहे. वेळ हवी होती."

"मंगळवारी सकाळी देते. आणि ऐका, लिफ्ट बिघडली आहे, डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतील. वर चढू नका."

"बरं," श्यामराव म्हणाले. फोन जागेवर बसवायला त्यांना वेळ लागला, तोही त्यांनी घेतला. मग हेमंतबाबूंकडे बघून ते बंगालीत बोलले. आवाज बसका आहे त्यांचा, पण कचेरीत बोलायचे तसा निघाला.

"साइट करा, चांगली करा. ज्यांना जमेल त्यांची सोय होईल. पण माझ्या दुखण्याची वेळ मी माझ्या तोंडाने मागतो, आणि मागणार. ही लाइन बंद केलीत, तर मी रोज सकाळी तुमच्या हॉस्पिटलच्या दाराशी खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हे कोडं सोडवत राहीन. माझ्याकडे भरपूर वेळ आहे."

हेमंतबाबू पेनचं टोपण काढत-लावत होते. त्यांना हसू आलं नाही.

अनीश हळूच वैदेहीला म्हणाला, "हे रेकॉर्ड झालं?"

"झालं," ती म्हणाली. "आणि हे बाजूला ठेवायचं नाही. ठेवायचं असेल तर मलाही ठेवा."

वैदेहीला कोणी बाजूला ठेवलं नाही. साइट सुरू झाली, पण ते निळं बटण बारीक झालं आणि कोडं गेलं. फोनची लाइन आणखी वर्षभर ठेवू, मग बघू, असं हॉस्पिटलने कळवलं. मग बघू, तर मग बघू. खुर्ची आमच्याकडे आहे.

मंडळात बातमी पोचायला वेळ लागत नाही. सरोजचा फोन आला. "नवऱ्याला चारचौघांत नापास करून आलीस म्हणे?"

"हो," मी म्हणाले. "पोटभर."

मला वाटलं, आता ही भांडेल, मी तयारीतच होते. पण तिने आवाज खाली केला. मग म्हणाली, "त्या निळ्या बटणाने मला रडवलं होतं गं. वैदेहीला दिसू नये म्हणून मी खोकल्यासारखं केलं."

"तेच सांगायचं होतं तिला, सरोज."

"आता बसव म्हणावं मला पुन्हा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परवा श्यामरावांना पुन्हा वेळ घ्यायची होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरून बटणांचे आवाज येत होते, सावकाश, एकेक. मग धप्पकन काहीतरी पडलं. रिसीव्हर सुटला असणार. माझे दोन्ही हात कणकेत होते आणि पाय दाराकडे निघाले होते. मी उंबऱ्यापाशी थांबले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक बटण.

"नूपुर?" ते म्हणाले. "हो, मीच."

मी परत ओट्याशी गेले आणि कणकेला तेलाचा हात लावला.